पडद्यावरचा निकाल आणि विधी ग्रंथालय

विधी ग्रंथालयांवरचा खर्च आता अनाठायी आहे, असा युक्तिवाद वारंवार केला जातो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये ई-एससीआर सुरू करून आपले निकाल मोफत खुले केले. इंडियन कानून हे मोफत संकेतस्थळ तर २००८पासून उपलब्ध आहे. मग नागपूरच्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ या निकालसंग्रहाचे १९१४पासूनचे खंड कशाला सांभाळायचे?

या युक्तिवादाचा पूर्वार्ध निखालस खरा आहे. तालुक्याला वकिली करणाऱ्याला एका निकालासाठी जिल्ह्याच्या बार लायब्ररीत खेटे घालावे लागत. ती विषमता इलेक्ट्रॉनिक साधनांनी पुष्कळ कमी केली. ही साधने वापरायलाच हवीत. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

साधा शब्दशोध टंकलेलाच शब्द शोधतो. ‘टर्मिनेशन’ टंकले की ‘डिसमिसल’ किंवा ‘रिमूव्हल’वरचे निकाल निसटू शकतात. हाती आलेला निकाल पुढे मोठ्या खंडपीठाने चुकीचा ठरवला असला, तरी त्याच्या मूळ मजकुरात तसे लिहिलेले नसते. हे दुवे निकालसंग्रहांचे संपादक जोडतात. ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७मध्ये निकालाचा मूळ मजकूर सर्वांचा मानला. संपादकांच्या हेडनोट्सना, म्हणजे निकालाच्या माथ्यावरच्या सारांशांना, मात्र संरक्षण दिले. एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्र या डेटाबेसची वर्गणी मुख्यतः या श्रमांसाठी मोजली जाते.

कायद्यांच्या जुन्या आवृत्त्या रद्दीत घालणे तर घातकच आहे. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी त्याआधीच्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिताच लागते; आणि तीही गुन्ह्याच्या दिवशी जशी होती तशी. तिचे बलात्काराच्या शिक्षेचे कलम ३७६ हे २०१३ आणि २०१८मध्ये बदलले. २०१२च्या गुन्ह्यासाठी त्याचे शेवटचे रूप वाचणारा आरोपीला होऊ शकणारी शिक्षाच चुकीची सांगेल. शिवाय वर्गणी थांबली की बहुतेक डेटाबेस बंद होतात. विकत घेतलेला खंड कपाटात राहतो.

म्हणून ग्रंथालयाचे काम वाढले आहे. डेटाबेस पारखून घेणे, त्यात शोधायचे कसे हे विद्यार्थ्यांना आणि नवोदित वकिलांना शिकवणे, सापडलेला निकाल आज टिकून आहे का हे तपासण्याची सवय लावणे, ही कामे प्रशिक्षित ग्रंथपालाची आहेत. वर्गणीइतकीच तरतूद त्याच्या पदासाठी हवी. आणि स्वतःचा दावा स्वतः लढणाऱ्या पक्षकारालाही तिथल्या संगणकावर बसता आले पाहिजे.