निदानानंतरची दिरंगाई

कर्करोगाचे निदान झाल्यावर उपचार विनाविलंब सुरू व्हावेत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तरीही डॉक्टरांनी उपचार सुचविल्यानंतर महिना-दोन महिने घरीच बसून राहणारे रुग्ण थोडे नसतात. अशा रुग्णांना अडाणी ठरवून मोकळे होण्याची आपली रीत आहे. परंतु ही दिरंगाई झोपडीत होते तशीच ग्रंथांनी भरलेल्या दिवाणखान्यातही होते.

तिची किंमत लहान नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या ३४ अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणानुसार, शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका सुमारे ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो.

मग माणूस थांबतो का? गरिबाचे उत्तर सरळ आहे. परळच्या टाटा रुग्णालयात यावयाचे तर सोबतीला माणूस हवा, मुक्कामाला जागा हवी; शिवाय दोघांचीही रोजी बुडते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेने उपचारांच्या खर्चाचा भार हलका होतो. बुडालेल्या मजुरीचा होत नाही.

मध्यमवर्गाचे उत्तर इतके सरळ नाही. येथे भीती विवेकाचा वेष घेऊन येते. ‘आणखी एका तज्ज्ञाला विचारू’, ‘मुलीचे लग्न उरकू द्या’, ‘आधी काढे घेऊन पाहू’ ही वाक्ये आपल्या परिचयाची आहेत. दुसरे मत घेणे हा रुग्णाचा हक्कच होय. परंतु आठवड्याचे काम तीन महिने रेंगाळले, की त्या हक्काची पळवाट होते. काढ्यांविषयी बोलावयाचे, तर अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास पुरेसा बोलका आहे. रोग अन्यत्र पसरलेला नसताना केवळ पर्यायी उपचारांवर विसंबलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका अडीच पट आढळला.

याहून घातक आहे ते आपले मौन. रुग्णाला धक्का बसू नये म्हणून घरची मंडळी रोगाचे नावच दडवितात. हेतू प्रेमाचा असतो, हे आम्हांस मान्य आहे. पण ज्याला आपल्या रोगाचे नाव ठाऊक नाही, त्याने घाई का म्हणून करावी? त्यातून रुग्ण घरची गृहिणी असली, तर स्वतःचे दुखणे सर्वांच्या शेवटी ठेवण्याची सवय तिला आपणच लावलेली असते.

भीतीवर उपदेशाची मात्रा चालत नाही, सोबतीची चालते. टाटा रुग्णालयाने ‘केवट’ या नावाने रुग्णांना वाट दाखविणारे प्रशिक्षित मार्गदर्शक घडविण्याचा उपक्रम हाती घेतला, तो याच जाणिवेतून. नदी ओलांडावयाची तर नावाडी हवाच. कर्करोगावर उपचार करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात असा मनुष्य नेमला गेला पाहिजे. रुग्ण ठरलेल्या दिवशी आला नाही, तर त्याची विचारपूस करणे हे त्याचे कर्तव्य असावे.

कुटुंबांनाही आमचे एवढेच सांगणे आहे: रुग्णाशी खरे बोला, शंका डॉक्टरांपुढे मांडा आणि उपचारांचा दिवस निश्चित करूनच रुग्णालयातून घरी परता. लग्नाचा मुहूर्त पुढे ढकलता येतो; रोग मात्र आपल्या सवडीसाठी थांबत नाही.