जुन्या मोटारीचा रंग

जुनी मोटार पुन्हा रंगवावयाची झाल्यास तिला रंग कोणता द्यावा, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. मोटार ज्याची, पैसा ज्याचा, मर्जीही त्याचीच. तिऱ्हाइताने त्यात का पडावे, असे कोणीही विचारील. तथापि आमच्या लातूरच्या एका स्नेह्यांनी आमचे मत मुद्दाम मागितले व ते ऐकून घरातील दोन्ही पक्ष रुष्ट झाले. सबब ते येथे सविस्तर मांडणे आम्हांस प्राप्त आहे.

स्नेह्यांच्या घरी वडिलार्जित ॲम्बॅसिडर आहे. चिरंजीवांस ती झळाळत्या लाल रंगाची व काळ्या छताची हवी, कारण वरातीत ती उठून दिसेल. खुद्द स्नेह्यांस ती पांढरीशुभ्र हवी, कारण ॲम्बॅसिडर म्हटली की ती पांढरीच! इकडे रंगाऱ्याने मागील आसनाखालचा पत्रा हलक्या हाताने घासला, तो आतून फिकट, निळसर करडा रंग निघाला. कारखान्यातून गाडी निघाली ती ह्या रंगाची. आमचा कौल ह्या तिसऱ्याच पक्षाला आहे.

प्रथम पांढऱ्याचा विचार करू. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावरून घडविलेली ही गाडी २०१४ पर्यंत निघत होती, आणि ती अनेक रंगांत मिळे. मग ‘पांढरीच’ हा समज आला कोठून? तो कचेरीच्या आवारातून आला. पांढरी गाडी आणि वर लाल दिवा, ही सत्तेची खूण झाली. १ मे २०१७ पासून दिवा उतरला, परंतु त्याचा मोह उतरला नाही. अडत दुकानाच्या कमाईवर आजोबांनी घेतलेली गाडी नातवंडांनी मंत्र्याची भासवावी, ह्यात आजोबांचा गौरव कोणता? पांढऱ्या रंगाने उष्मा कमी होतो, हा युक्तिवाद मात्र खरा आहे. आमच्याकडे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. पण फिकट करडाही काही भट्टी नव्हे, आणि जी गाडी सणावारीच बाहेर निघते तिला भर दुपारी कोण उभी करतो?

लाल रंगाविषयी थोडक्यात सांगतो. उन्हाने लवकर विटणाऱ्या रंगांत तांबड्याची गणना होते. म्हणजे आजची झळाळी पाच-सहा उन्हाळ्यांची पाहुणी. शिवाय धातूचे कण मिसळलेली चकाकी त्या पिढीच्या गाड्यांस सहसा नसे. गोल खांद्यांची ती शांत आकृती त्या चकाकीत सोंग घेतल्यासारखी दिसते.

कोणी म्हणेल, रंग हे केवळ वस्त्र आहे, ते बदलले म्हणून बिघडले काय? आमचा मुख्य वाद ह्याच समजुतीशी आहे. फोर्डची प्रसिद्ध ‘टी’ गाडी १९१४ ते १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगात मिळे, कारण तो रंग स्वस्त व टिकाऊ होता. त्याच दशकात लवकर वाळणारे ‘ड्यूको’ आले आणि रस्त्यांवर रंग फुलले. आमचे रंगारी आजही तो शब्द वापरतात. तात्पर्य, गाडीच्या रंगात तिच्या काळाचे रसायन, व्यापार व अभिरुची साठलेली असते. तो खरवडणे म्हणजे बखरीचे पान फाडणे होय.

मराठवाड्याने तरी हे विसरू नये. नांदेड काय, लातूर काय, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या अमलाखाली होतो. त्या निजामाची १९१२ सालची रोल्स-रॉइस हैदराबादेत चौमहल्ला राजवाड्यात आहे. ती पिवळी आहे, आसफजाही निशाणही पिवळे होते. तो रंग पाहून आमच्यापैकी अनेकांच्या मनात कटू आठवणी जागतील. म्हणून तिला उद्या दुसरा रंग फासावा काय? मुळीच नाही. ती पिवळी आहे म्हणूनच ‘ही कोणाची होती’ हा प्रश्न नातवंडे विचारतील, आणि आम्हांस मुक्तिसंग्राम सांगण्यास निमित्त मिळेल. नावडता रंगही जर जपावयाचा, तर आपल्याच आजोबांचा आवडता रंग काय म्हणून पुसावा?

सरकारनेही रंगास अगदीच गौण मानलेले नाही. नोंदणीपत्रात त्याचा उल्लेख असतो व बदल केल्यास तो नोंदवून घ्यावा लागतो. २०२१ च्या नियमांनी तर पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची निराळी क्रमांकमालिका दिली. मूळ स्वरूप हेच ज्या मानाचे कारण, तेथे मूळ रंगाविषयी बेफिकिरी शोभत नाही.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच: आसनाखाली, डिकीच्या तळाशी, दाराच्या आतल्या कडेला आधी शोध घ्या. सापडलेला रंग दिव्याखाली न जुळविता सकाळच्या उजेडात जुळवा. आणि तळहाताएवढा एक तुकडा तसाच जुना राखून ठेवा. पुढील पिढीला आपले म्हणणे पडताळून पाहावयास साक्षीदार हवा. इतके करूनही ज्यास लालच हवा, त्याने नवी गाडी घ्यावी. बाजारात लाल गाड्यांचा तुटवडा नाही.