आधी गोधडी, मग माइक

आमच्या कासुर्डीजवळून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. मध्यरात्रीही ट्रकांची घरघर थांबत नाही. अशा गावातला एक कव्वाली गाणारा तरुण परवा दुकानात आला. घरीच रेकॉर्डिंग करायचे म्हणून हप्त्यावर महागडा कंडेन्सर माइक घ्यायचा त्याचा विचार होता. हीच चूक मी माझ्या मुलासाठी एकदा केली आहे, म्हणून चार शब्द लिहितो.

कंडेन्सर माइक बारीक आवाजही टिपतो, हे खरे. पण तो गळ्याबरोबर पंखा, ट्रक आणि भिंतीवरून परतणारा घुमाराही टिपतो. बहुतेक कंडेन्सर माइकना इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा पुरवठाही द्यावा लागतो. डायनॅमिक माइकला सहसा तो लागत नाही. १९६६ साली आलेला शूअर एसएम५८ याच जातीचा. त्याच धाटणीचे स्वस्त माइकही मिळतात. तोंडाजवळ धरून गायले की आजूबाजूचा गोंगाट कमी येतो.

आता माझ्या धंद्याचे सांगतो. जाड रजई, गोधडी किंवा भरपूर चुण्यांचा जड पडदा भिंतीपासून वीतभर पुढे टांगला, की खोलीतला घुमारा बराच कमी होतो. पातळ पॉलिस्टरचा पडदा येथे कामाचा नाही. मात्र गिऱ्हाइकाला फसवू नये. कापड घुमारा शोषते, ट्रकची घरघर अडवत नाही. त्यासाठी जाड भिंत आणि घट्ट बसणारे दार लागते. तेव्हा महामार्गाकडची खोली सोडून आतली खोली निवडावी. तिला भाडे पडत नाही.

म्हणून खरेदीचा क्रम असा ठेवावा: आधी खोली व गोधड्या, मग डायनॅमिक माइक व स्टँड, त्यानंतर गळा आणि हार्मोनियम वेगवेगळे घेता यावेत म्हणून दोन माइक लागणारा साधा इंटरफेस, शेवटी कान झाकणारा हेडफोन. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. घरातला जुना संगणकही बहुधा चालतो. कंडेन्सर माइक कमाई सुरू झाल्यावर, रोखीने घ्यावा.

कार्यक्रम दर महिन्याला मिळतीलच असे नाही, हप्ता मात्र दर महिन्याला येतो. उर्दू शाळेत आम्ही चादर पाहून पाय पसरायला शिकलो. मराठीत अंथरूण म्हणतात. त्या तरुणाने माइक घेतला नाही. घरातल्याच चार जुन्या गोधड्या टांगल्या. माझी विक्री झाली नाही, पण त्याच्या डोक्यावर कर्जही झाले नाही.