प्रत्येकाला एक तरी सांगाती हवा



२००७ साली आलेला ‘तारे जमीन पर’ हा हिंदी चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. डिस्लेक्सिया असलेल्या ईशानला समजून घेणारे निकुंभ सर सर्वांच्या लक्षात आहेत. पण हे सर शाळेत येण्याआधीच ईशानला एक मित्र मिळाला होता. पायाने अधू असलेला, त्याच्या शेजारी बसणारा राजन. तो मात्र फारसा कोणाला आठवत नाही. निकुंभ सरांसारखा शिक्षक भेटणे नशिबाचा भाग आहे. राजन होणे मात्र आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे.

व्यक्ती तितक्या प्रकृती असे आपण म्हणतो. मेंदूचेही तसेच आहे. स्वमग्नता, अतिचंचलता, डिस्लेक्सिया असलेल्या मुलांचा मेंदू वेगळ्या रीतीने काम करतो. अशा व्यक्तींना आता ‘न्यूरोडायव्हर्जंट’ म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. परीक्षेत जास्त वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सोयी करण्यास हा कायदा सांगतो. घरी मराठी किंवा कोकणी, बाहेर कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी अशा आपल्या मुलांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. पण कायदा लेखनिक देईल, मित्र देणार नाही. मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खायचा, हे कोणत्याही कलमात लिहिलेले नसते.

आपल्या जोयडा तालुक्यात तर हा प्रश्न अधिकच जाणवतो. तालुका विस्ताराने मोठा, वस्ती विरळ. कित्येक मुले जंगलातल्या चार-पाच घरांच्या वाडीत राहतात. घरी गेल्यावर त्यांना समवयस्क सोबती नसतो. म्हणजे मैत्री जुळण्याची जागा एकच, शाळा. तिथेही मूल एकटे राहिले तर ते सगळीकडेच एकटे राहते.

मग मैत्री जुळवायची कशी? ‘आजपासून याच्याशी खेळा’ असा हुकूम काढून ती होत नाही. अशा हुकमाने दया मिळते, तीही आठवडाभर. मैत्री जुळते ती समान आवडीतून. अमेरिकेतील टेम्पल ग्रँडिन या गुरांच्या वर्तनाच्या जगप्रसिद्ध अभ्यासक स्वतः स्वमग्न आहेत. शाळेत मुले त्यांना चिडवत. पण घोडेस्वारी आणि रॉकेटच्या प्रतिकृती या छंदांत मात्र त्यांना मित्र मिळाले, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. आपल्याकडेही कंदांच्या जाती, पक्ष्यांचे आवाज किंवा गाड्यांची वेळापत्रके तोंडपाठ असलेली मुले असतात. अशा मुलाला ‘तेच तेच बोलू नकोस’ म्हणून गप्प करणे म्हणजे त्याच्या मैत्रीचे दारच बंद करणे.

दुसरी गोष्ट. संवाद तुटला की दोष त्या मुलालाच दिला जातो. ब्रिटनमधील डेमियन मिल्टन या स्वमग्न संशोधकाने २०१२ साली मांडले की हे न समजणे दोन्ही बाजूंचे असते. मला हे पटते. माझी पदवी हिंदी माध्यमातली. मराठी गप्पांतला विनोद सुरुवातीला मला थोडा उशिरा कळे, पण म्हणून कोणी मला अडाणी ठरवले नाही. सहकारी थांबून समजावून सांगत. तेवढे थांबणे या मुलांच्या वाट्याला का येऊ नये?

यासाठी तज्ज्ञच हवा असे नाही. शेजारच्या गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेने पाकिस्तानातील रावळपिंडीच्या सहकाऱ्यांबरोबर केलेला प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी ६५ स्वमग्न मुलांपैकी निम्म्यांच्या पालकांना सहा महिने मार्गदर्शन केले. मुलाकडे नीट पाहावे, त्याच्या कलाने प्रतिसाद द्यावा, एवढेच मुख्य सूत्र. ती मुले आईवडिलांशी आपणहून अधिक संवाद सुरू करू लागली. जे तिथल्या घरांत जमले, ते आपल्या वर्गांत का जमू नये?

ज्या मुलांना आपण वेगळे आहोत असे वाटते, त्यांना माझे सांगणे आहे. बाळांनो, पन्नास मित्र नकोत, दोन पुरेत. तुमचे ‘नको’ ऐकतो तो मित्र. फक्त गृहपाठ उतरवायला जवळ येतो तो नव्हे. आवाज सहन होत नसेल तर तसे सांगा, त्यात लाज नाही. इतरांसारखे दिसण्याचे सोंग दिवसभर करू नका. त्याने जीव थकतो.

पालकांनी ‘तो वेडा आहे, त्याच्याजवळ बसू नकोस’ हे वाक्य घरातून हद्दपार करावे. ज्यांचे मूल वेगळे आहे त्यांनी ते लपवू नये, आणि दर सुट्टीत एका वर्गमित्राला तरी घरी बोलवावे. पंगत लहान असली तरी चालेल.

विश्वस्त मंडळींना दोनच विनंत्या आहेत. आठवड्यातून एक तास इयत्ता न पाहता आवडीप्रमाणे गट करून छंदासाठी द्यावा. आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी ध्वनिक्षेपकापासून दूर एक शांत खोली उघडी ठेवावी. यासाठी निधी फारसा लागत नाही, मनाची तयारी लागते. गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणतो. या मुलांचा गाव म्हणजे आपण सर्वजण आहोत.