डुगडुगत्या मेजाच्या निमित्ताने

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या सहा वर्षांच्या मुलीसाठी मी एक मेज तयार केले. साहित्य शिकवणाऱ्या माणसाच्या हातून असे काही घडले की त्याविषयी लिहिण्याचा मोह त्याला आवरत नाही आणि लिहिताना त्या वस्तूचे रूपक केल्यावाचून राहवत नाही. पहिला मोह मला आवरलेला नाही, हे उघडच आहे. दुसरा आवरण्याचा प्रयत्न करतो. या लेखातले मेज लाकडाचे आहे आणि ते डुगडुगत होते.

पॅकिंगच्या खोक्यांचे पाइनचे लाकूड, करवत, गुण्या, स्क्रू, फेविकॉल आणि पॉलिश पेपर एवढ्या सामानावर मी हा उद्योग आरंभला. माप मात्र नीट काढले होते. साडेतीन ते चार फूट उंचीच्या मुलासाठी बैठक जमिनीपासून सुमारे ३१ सेंटिमीटर आणि मेजाचा पृष्ठभाग सुमारे ५३ सेंटिमीटर असावा, असा शाळेतील बाकांच्या युरोपीय मानकांचा हिशेब आहे. आपली जेवणाची टेबले साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतात. म्हणजे घरातले लहान मूल रोज हनुवटीच्या पातळीवरून जेवते आणि लोंबकळत्या पायांनी अभ्यास करते, आणि त्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. पीटर ओप्सविक या नॉर्वेजियन रचनाकाराला आपल्या मुलाची हीच अडचण दिसली, आणि त्यातून १९७२ मध्ये बैठक व पायटेकू वरखाली करता येणारी, मुलाबरोबर वाढणारी खुर्ची तयार झाली. माझी महत्त्वाकांक्षा तेवढी नव्हती. मुलीचे पाय जमिनीला टेकावेत, एवढेच.

तीन रविवार मी गच्चीवर काम केले. हे काम 'मुलांबरोबर' करायचे, असे मी बायकोला आणि स्वतःलाही सांगितले होते. प्रत्यक्षात या तीन रविवारी मी सर्वाधिक वेळा उच्चारलेली वाक्ये 'लागेल, बाजूला व्हा' आणि 'हात लावू नका' ही होती. तीन वर्षांच्या मुलाने स्क्रूंची पुडी दोनदा पाण्याच्या पिंपात रिकामी केल्यावर मी गच्चीचे दार आतून लावून घेतले. तिसऱ्या रविवारी मुलीने दाराच्या फटीतून विचारले, "बाबा, टेबल झालं की तू आत येशील?"

या प्रश्नाने माझ्या उद्योगाची सारी समर्थने कोसळली. ती तशीही फारशी भक्कम नव्हतीच.

घरी फर्निचर करण्याचे पहिले समर्थन काटकसरीचे असते. ते खोटे आहे. लाकूड आणि हत्यारे यांच्या खर्चात बाजारातले तयार मेज खुर्चीसकट आले असते. दुसरे समर्थन जिव्हाळ्याचे असते: स्वतः केलेली वस्तू आपली वाटते. ते खरे आहे, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचन आणि डॅन अॅरिएली यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याला 'आयकिया परिणाम' असे नाव दिले आहे. नवख्या माणसाने स्वतः घडवलेली ओबडधोबड वस्तू त्याला तज्ज्ञाने केलेल्या वस्तूच्या तोडीची वाटू लागते. आपल्या पहिल्या कवितासंग्रहाविषयी कवीला काय वाटते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यासाठी संशोधनाची गरज नाही.

तिसरे समर्थन श्रमप्रतिष्ठेचे. हे अधिक गंभीर आहे आणि त्याची परीक्षा माझ्या घरातच झाली.

दाराची चौकट दुरुस्त करायला आलेले वयस्कर सुतारकाका काम संपल्यावर माझ्या मेजापाशी थांबले. डुगडुग जावी म्हणून मी एकदा हा पाय, एकदा तो पाय असे थोडे थोडे कापत चाललो होतो. त्यांनी मेज हलवून पाहिले. "असं कापत बसलात तर टेबलाचा पाट होईल, सर," ते म्हणाले. मग त्यांनी सपाट फरशी शोधली, आखूड पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या सरकवून मेज स्थिर केले, कानावरची पेन्सिल एका छोट्या ठोकळ्यावर आडवी धरली आणि तो ठोकळा फरशीवरून फिरवत चारही पायांभोवती एकाच उंचीची रेघ ओढली. "आता या रेघेवर कापा." काम पाच मिनिटांचे होते. मुलगी त्यांच्या शेजारी उकिडवी बसून सारे पाहत होती. चौथ्या पायाची रेघ त्यांनी तिला ओढू दिली.

चहा घेताना मी म्हणालो, मुलांनाही हे काम आले पाहिजे. त्यावर ते सहज म्हणाले, "माझ्या पोराला मी रंध्याला हात लावू दिला नाही. तो ऑफिसात आहे आता."

मी गप्प बसलो. बलुतेदारीत सुतार पिढ्यान्‌पिढ्या गावाचे नांगर, चौकटी आणि पाळणे घडवत राहिला आणि त्याबदल्यात त्याच्या पदरात धान्याचा वाटा पडला. त्याच्या मुलाला धंद्याबाहेर पडायला वाट नव्हती. पुस्तके लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांच्या मुलांना या धंद्यात शिरण्याचे कारण नव्हते. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याची योजना मांडली. आम्ही पांढरपेशांनी त्यातला श्रमप्रतिष्ठा हा शब्द उचलला आणि श्रम तिथेच ठेवले. माझ्या मुलीला करवत धरता आली तर ते तिचे कौतुक ठरेल, कारण करवतीवर तिचे पोट असणार नाही. सुतारकाकांच्या मुलाच्या हाती तीच करवत म्हणजे त्याची जात ठरली असती. हा फरक विसरून रविवारच्या छंदाला श्रमप्रतिष्ठा म्हणणे मला अप्रामाणिक वाटते.

मग उरते काय? मला वाटते, एक गोष्ट उरते आणि तिचा संबंध आपल्या, म्हणजे साहित्याच्या, व्यवसायाशी आहे.

एन्झो मारी या इटालियन रचनाकाराने १९७४ मध्ये साध्या फळ्या आणि खिळे वापरून कोणालाही करता येतील अशा मेज-खुर्च्या-पलंगांचे आराखडे प्रसिद्ध केले आणि टपालखर्च पाठवणाऱ्याला ते मोफत दिले. स्वस्त फर्निचर लोकांना पुरवावे हा त्याचा मुख्य हेतू नव्हता. स्वतः एकदा खुर्ची केली की बाजारातल्या खुर्चीकडे माणूस चिकित्सकपणे पाहू लागेल, ही त्याची अपेक्षा होती. खिळे ठोकणे हा त्याच्या लेखी टीकेचा अभ्यास होता.

आपल्या समीक्षेला हे नवे वाटू नये. घाट, पोत, वीण, बांधणी, घडण हे आपले नित्याचे शब्द कुंभाराकडून, विणकराकडून, गवंड्याकडून, सुतार-सोनाराकडून आलेले आहेत. आम्ही वर्षानुवर्षे कादंबरीच्या बांधणीविषयी बोलतो. दोन फळ्या काटकोनात बांधायची वेळ आली की आमची तारांबळ उडते. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. पण जिने कधी काही बिघडताना आणि दुरुस्त होताना पाहिलेले नाही, अशी विद्यार्थिनी माझ्या वर्गात येते तेव्हा कवितेलाही ती तयार मालासारखी सामोरी जाते. कवीने येथे एक ओळ खोडली असेल, दुसरा शब्द बसवून पाहिला असेल, हे तिच्या ध्यानी येत नाही. मग ती 'आवडली' आणि 'कळली नाही' या दोन शेऱ्यांपलीकडे जात नाही.

लहान मुलाच्या भोवतालच्या बहुतेक वस्तू आज अशाच येतात: खोक्यातून, गुळगुळीत, सांधे न दाखवणाऱ्या. मारिया माँतेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह सुरू केले तेव्हा मुलांना स्वतः उचलता येतील अशा हलक्या मेज-खुर्च्यांचा आग्रह धरला. हलकी खुर्ची धक्का लागून पडली तर पडू द्यावी. तिच्या आवाजातून मुलाला आपली चूक कळते, असे त्यांचे म्हणणे होते. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केले. माँतेसरी पद्धतीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती, तेव्हा त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने आणि काड्या यांतून साधने केली. ती अडचणीतून निघालेली तडजोड होती, हे खरे. पण आपल्या शाळेतली वस्तू आपल्याच परिसरातून आली आहे आणि ती कोणीतरी केली आहे, हे त्या मुलांना पाहता आले.

मुलांना हे दिसावे, एवढ्यासाठीच घरी फर्निचर करावे, असे माझे मत आहे. वस्तू केलेली असते, म्हणून ती चुकू शकते; चुकू शकते म्हणून तिला प्रश्न विचारता येतो आणि तिच्यात बदल करता येतो. या शिक्षणाला कौशल्य फारसे लागत नाही. गच्चीचे दार मात्र उघडे लागते. मी तीन रविवार जे केले ते नेमके उलटे होते: तयार मेज मुलीसमोर ठेवायचे म्हणून मेज तयार होताना तिला बाहेर ठेवले. तिला जे काही मिळाले ते सुतारकाकांच्या पाच मिनिटांत मिळाले, आणि तेही मी चुकलो होतो म्हणून.

मेज आता डुगडुगत नाही. मात्र ते ५३ ऐवजी ४९ सेंटिमीटरचे झाले आहे आणि मुलीचे गुडघे वर्षभरात फळीला लागू लागतील. तेव्हा पायांखाली ठोकळे जोडावे लागतील. त्यांच्यावर रेघ कोणी ओढायची, याविषयी घरात वाद नाही. धाकट्याने स्क्रू सांभाळण्याचे काम मागितले आहे. पिंप झाकून ठेवावे लागेल.