डोंगर फुकट, छप्पर विकत

परदेशाहून आलेल्या माणसासाठी आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. "काय आणलंत?" आणि "किती पडले?" पहिला चॉकलेटच्या डब्यावर भागतो. दुसऱ्यापाशी मात्र भलेभले चाचरतात. कारण आकडा मोठा सांगावा तर आपण उधळे ठरतो आणि लहान सांगावा तर खोटारडे. २०२४ सालच्या दिवाळीच्या सुटीत मी, आमचे हे आणि अकरावीतली कन्या असे तिघे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर तेरा दिवस भाड्याच्या मोटारीतून हिंडून आलो. तेव्हापासून हा प्रश्न मला जिन्यात, प्राध्यापकांच्या खोलीत आणि भाजीवालीच्या गाडीपाशीही विचारून झाला आहे. म्हणून एकदाच काय ते सांगून टाकते: तिघांचे मिळून सव्वापाच लाख. त्यांतले जवळजवळ साडेतीन लाख विमानाने आणि सरकारी सोपस्कारांनी खाल्ले. बेटावर पाय ठेवल्यानंतरचा सगळा संसार दोन लाखांच्या आत झाला.

हा पैसा घराच्या डागडुजीचा होता. आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याला मधोमध तडा गेलेला आहे आणि फरशीचे तीन तुकडे पाय ठेवला की बोलतात. त्यासाठी ठेवलेली मुदतीची ठेव त्या जूनमध्ये पुरी झाली. पण कन्येची बारावी तोंडावर आलेली. त्यानंतर ती कोणत्या गावी शिकायला जाईल कोण जाणे. तिघांनी मिळून कुठे जायचे तर हीच सुटी होती. हे बँकेत नोकरीला आहेत. त्यांनी एक वही घातली आणि तिच्या पहिल्या पानावर अट लिहिली: परत येताना निदान ओट्यापुरते पैसे उरले पाहिजेत. त्यामुळे तेरा दिवस माझ्या डोळ्यांपुढे एका बाजूला हिमशिखरे आणि दुसऱ्या बाजूला कडाप्प्याची फरशी, असा देखावा होता.

न्यूझीलंडच का? कारण तिथल्या राष्ट्रीय उद्यानांना, आम्ही गेलो तेव्हा तरी, फाटक नव्हते आणि तिकीटघरही नव्हते. डोंगर, सरोवर, धबधबा, समुद्राने कोरलेले खडक, सगळे फुकट. पैसे पडतात ते चाकांचे, छपराचे आणि पोटाचे. ह्या तिन्हींत काटकसर करता येते, हे मध्यमवर्गीयाला कुणी शिकवायला नको. दुसरे कारण असे की मोटार तिथे आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतात आणि परवान्यावरचा मजकूर इंग्रजीत असला की आपला परवाना चालतो. आमच्या घरात मोटार मी चालवते. हे शेजारी बसून नकाशा पाहतात आणि उगाच पाय दाबून ब्रेक लावतात.

सगळा देश पाहायचा हट्ट मात्र धरू नये. उत्तर बेट आणि दक्षिण बेट यांच्यामध्ये समुद्र आहे. बोटीचे भाडे आणि दोन दिवस दोन्ही वाचवायचे तर एकच बेट निवडावे. आम्ही क्राइस्टचर्चला उतरून क्राइस्टचर्चलाच विमानात बसलो. मोटार घेतली ती लहान, बरीच वापरलेली, जपानी. तिच्या दारावर ओरखडे होते, पण डोंगराला ते दिसत नाहीत. एकाच ठिकाणी ह्यांनी हात सैल सोडला, तो म्हणजे विम्याला. तिथे खडीच्या रस्त्यांवर पुढच्या काचेवर खडा उडणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि विमा अपुरा असला तर त्या एका खड्याला ओट्याची किंमत पडते.

रस्त्यांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. गावाबाहेर ताशी १०० किलोमीटर ही वेगाची कमाल मर्यादा आहे. पाटीवर १०० लिहिले आहे म्हणून वळणावर १०० ने जाणारे पाहुणे तिथे पुष्कळ भेटतात. त्यांतले काही दरीतही भेटतात. आपण हळू जात असू आणि मागे गाड्या साचल्या, तर जागा पाहून डावीकडे थांबावे आणि त्यांना वाट द्यावी, अशी तिथली रीत आहे. नद्यांवरचे कितीतरी पूल एकेरी आहेत. पाटीवर दोन बाण असतात. आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल असला की आपण थांबायचे. तेरा दिवसांत मी भोंगा दोनदा वाजवला. दोन्ही वेळा समोर मेंढ्या होत्या आणि दोन्ही वेळा त्यांनी तो मनावर घेतला नाही.

छप्पर आम्ही हॉटेलात शोधलेच नाही. तिथे गावोगावी प्रवाशांच्या वसाहती असतात. हॉलिडे पार्क म्हणतात त्यांना. कुणी तंबू ठोकतो, कुणी चाकांवरचे घर आणून उभे करतो आणि आमच्यासारखे लोक लाकडी खोली घेतात. खोलीत पलंग आणि दिवा. चादरी-अभ्रे पुष्कळदा वेगळ्या भाड्याने घ्यावे लागतात, म्हणून मी घरून नेले होते. न्हाणीघर सामाईक, स्वयंपाकघरही सामाईक. ह्या स्वयंपाकघराची मला आधी धास्ती होती. चाळीत वाढलेल्या बाईला सामाईक नळाच्या आठवणी फार असतात. पण तिथे शेगड्या लखलखीत होत्या, शीतकपाटात प्रत्येकाची पिशवी नाव लिहून ठेवलेली होती आणि जो तो आपले भांडे आपण विसळून, पुसून जागेवर ठेवत होता. ह्यांनीही विसळले. तेरा दिवस विसळले. परत आल्यावर ही सवय विमानतळावरच राहिली, हे मी इथे नोंदवून ठेवते.

फराळाचा डबा आम्ही नेला नव्हता. त्या देशात परके बी-बियाणे आणि किडे येऊ नयेत म्हणून विमानतळावर फार कडक तपासणी होते. जवळचा खाण्याचा जिन्नस आधी सांगितला नाही तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. तिथला डॉलर तेव्हा सुमारे पन्नास रुपयांना पडत होता. तेव्हा लाडू केवढ्याला पडला असता ते पाहा. बुटांच्या तळव्यांची मातीसुद्धा बघतात. डाळ-तांदूळ तिथेच घेतले. नेला होता तो लहान कुकर. पहिल्या रात्री त्याने शिटी दिली तेव्हा शेजारच्या शेगडीवरचा एक जर्मन मुलगा दोन पावले मागे सरला. खिचडी खाऊन झाल्यावर त्याने कुकर हातात घेऊन झाकण उलटसुलट करून पाहिले आणि त्याची किंमत विचारली. "किती पडला?" हा प्रश्न आपल्याच लोकांचा नाही तर!

आता पाहिले काय ते. लक्ष्मीपूजनाची रात्र, १ नोव्हेंबर, आम्हाला टेकापो सरोवराकाठी आली. तो सगळा मुलूख २०१२ पासून काळोखासाठी राखून ठेवलेला आहे; गावातले दिवेसुद्धा खाली तोंड करून असतात. आकाश दाखवण्याचे पैसे घेणारेही तिथे आहेत. आम्ही मोटार गावाबाहेर नेली, दिवे मालवले आणि वर पाहिले. दिवाळीची अमावास्या म्हणजे वर्षातली चांगली काळी रात्र. पण आपण तिला दिव्यांनी इतकी झाकतो की ती कशी दिसते हे मी पंचेचाळीस वर्षांत पाहिले नव्हते. आकाशगंगा होती आणि आपल्याकडून न दिसणारे मॅजेलनचे दोन ढगही होते. आग्नेयेला अगस्ती होता. विंध्याला वाकवून दक्षिणेला गेलेला आणि परत न आलेला ऋषी आपल्याला पुराणातून ठाऊक असतो. त्या अक्षांशावर अगस्तीचा तारा कधी मावळतच नाही. क्षितिजाच्या वर वर्षभर फिरत राहतो. मराठीच्या वर्गात अगस्तीची गोष्ट मी कितीदा सांगितली असेल, पण तो पुढे कुठे गेला ते त्या रात्री कळले.

पुकाकी सरोवराचा निळा रंग मी वर्णन करणार नाही. वर्णन केल्यास तो रंगाच्या डब्यातला वाटेल. हिमनद्या खडक दळतात, त्या दगडाचे पीठ पाण्यात तरंगते आणि त्याने तो रंग येतो. सरोवराच्या टोकाशी आओराकी उभा आहे. माओरी लोकांच्या कथेत तो आकाशाचा पुत्र. भावांसह त्याची होडी कलंडली आणि ते सारे तिच्या वरच्या कडेला बसल्या जागी दगड झाले. इंग्रजांनी त्याला कुकचे नाव दिले. एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या आधी, १९४८ साली, ह्याच डोंगराच्या दक्षिण धारेवरून वर गेले होते. पुढे १९८५ ते १९८९ ते आपल्या दिल्लीत त्यांच्या देशाचे वकील होते. शाळेत आम्ही आओराकीची उंची ३,७६४ मीटर शिकलो. १९९१ च्या डिसेंबरात शिखराचा माथाच कोसळला, उरलेला झिजला आणि २०१४ साली जाहीर झालेली उंची ३,७२४ मीटर आहे. ह्या डोंगराच्या पायथ्याशी आम्ही चार तास बसलो. बसमधून आलेली मंडळी वीस मिनिटांत छायाचित्रे काढून गेली. वृद्ध आईवडिलांना घेऊन जायचे तर यात्रा कंपनीसारखे सुख नाही, हे मला मान्य आहे. पण मोटार घेण्यातला खरा फायदा पैशाचा नाहीच. थांबावेसे वाटले तिथे थांबता येते आणि निघावेसे वाटेपर्यंत कुणी शिटी फुंकत नाही.

एका ठिकाणी मात्र आम्ही पैसे मोजले, ते मिलफर्डच्या खाडीत बोटीला. ते अंतर ते आनाऊपासून सुमारे १२० किलोमीटर. पेट्रोल तिथेच भरून घ्यावे. वाटेत सव्वा किलोमीटरचा होमर बोगदा लागतो. १९३५ साली बेकारांच्या हाती कुदळी देऊन तो खणायला घेतला आणि १९५४ साली तो मोटारींना खुला झाला. बोगद्यापाशी किआ नावाचे मोठे हिरवे पोपट मोटारींचे रबर उपटतात. एकाने आमच्या काचेच्या पुसणीला हात घातला, तेव्हा ह्यांनी विम्याचा कागद काढून त्यात पोपट बसतो का ते शोधायला सुरुवात केली. खाडीत धो धो पाऊस होता. तिथे वर्षाला साडेसहा मीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या आंबोलीच्या तोडीचा. बोटीवरचे काही पाहुणे हळहळत होते. आम्हा सह्याद्रीच्या लेकरांना मात्र कळले होते की ऐन दरबारात आलो आहोत: कोरड्या दिवशी तिथे मोजके धबधबे असतात, त्या दिवशी प्रत्येक कड्यावरून शेकडो कोसळत होते. त्यानंतर पाऊस थांबला आणि चावऱ्या बारीक माश्या आल्या. माओरी सांगतात की माणसाने ह्या सौंदर्यात कायमचे राहू नये म्हणून मृत्यूच्या देवतेने त्या सोडल्या. आम्ही लगेच निघालो.

पश्चिम किनाऱ्यावर फ्रान्झ जोसेफ हिमनदी आहे. हे ऑस्ट्रियाच्या बादशहाचे नाव तिला १८६५ साली दिले गेले. माओरी नावाचा अर्थ आहे हिनेहुकातेरेचे अश्रू. तिचा प्रियकर हिमाच्या लोंढ्यात गेला आणि तिची आसवे गोठली. आमच्या महाविद्यालयातल्या भूगोलाच्या बाई २००८ साली तिथे गेल्या होत्या. नदीच्या पात्रातून चालत त्या बर्फाच्या तोंडाशी पोहोचल्या आणि वाटाड्याबरोबर पायीच वर चढल्या. त्यांचा फोटो आमच्या कन्येने पाठ केला होता. त्याच सुमारास हिमनदी झपाट्याने मागे हटू लागली आणि २०१२ पासून पायी बर्फावर चढणे बंद झाले. आता वर जायचे तर हेलिकॉप्टर. ह्यांनी दर विचारला, वहीत लिहिला आणि वही माझ्याकडे सरकवली. तिघांचे भाडे आमच्या बारा रात्रींच्या छपराहून अधिक होते. म्हणजे ओटा गेला असता. कन्या काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, "आई, जे बाईंनी पायांनी पाहिलं त्याला आता हेलिकॉप्टर लागतं, आणि ती हेलिकॉप्टरं ज्या धुरावर चालतात, त्यानेच ते वितळतं ना?" ह्यांनी वही मिटली. आम्ही पायीच निघालो आणि जिथवर जाऊ देतात तिथवर गेलो.

फुकटचे दिवसही आता थोडे उरले आहेत. परदेशी पाहुण्यांवरचा कर तिथे १ ऑक्टोबर २०२४ ला माणशी ३५ डॉलरांवरून १०० वर गेला. आम्ही नेमके त्यानंतर गेलो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सरकारने जाहीर केले की आओराकीसह काही ठिकाणी परदेशी माणसाकडून २० ते ४० डॉलर घ्यावेत आणि २०२७ पासून ते सुरू व्हावे. मी कुरकुर करणार नाही. डोंगरातली ती स्वच्छ शौचालये कुणाच्यातरी पैशाने स्वच्छ राहतात, आणि ताजमहालाचे तिकीट आपण तरी परदेशी पाहुण्याला आपल्या भावात कुठे देतो?

वहीच्या शेवटच्या पानावर ओट्यापुरते पैसे निघाले. ओटा झाला, फरशी अजून बोलते. कन्येने फ्रान्झ जोसेफचा काढलेला फोटो भूगोलाच्या बाईंनी मागून घेतला आणि विभागातल्या फलकावर आपल्या २००८ च्या फोटोशेजारी लावला. मुले दोन्ही फोटो बघतात. पहिल्यात बाई बर्फावर उभ्या आहेत. दुसऱ्यात बर्फ कुठे आहे ते मुलांना दिसेना, म्हणून बाईंनी तांबड्या शाईने एक बाण काढून ठेवला आहे.