बाप्तिस्मा आणि त्यानंतरची वर्षे

मराठी समाजात ख्रिस्ती धर्मांतराची चर्चा निघते तेव्हा ती बहुधा एका दिवसाभोवती फिरते. अमुक गृहस्थ अमुक साली ख्रिस्ती झाले एवढी नोंद चरित्रात पुरेशी मानली जाते. आधीची वर्षे त्या घटनेची कारणे म्हणून आणि नंतरची वर्षे तिचे परिणाम म्हणून थोडक्यात उरकली जातात. ज्यांना हे धर्मांतर खुपते ते त्या दिवशी आपला माणूस गेल्याची खंत बाळगतात, ज्यांना ते हवेसे वाटते ते एक माणूस मिळाल्याचे समाधान मानतात, आणि पुढे त्या माणसाच्या श्रद्धेचे काय झाले याची चौकशी दोन्ही पक्षांकडून फारशी होत नाही. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती स्त्रीपुरुषांनी स्वतःविषयी जे लिहून ठेवले आहे ते बारकाईने वाचले, तर हे दोन्ही पक्ष एकाच चुकीवर उभे आहेत असे दिसते: बाप्तिस्मा हा प्रवासाचा शेवट आहे, असे दोघांनीही गृहीत धरलेले असते.

बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने होणारा तो विधी, ज्यातून व्यक्ती ख्रिस्ताच्या मंडळीत, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायात, प्रवेश करते. प्रॉटेस्टंट धर्मशास्त्रात, ज्याचा प्रभाव महाराष्ट्रातील बहुतेक मिशनांवर होता, दोन गोष्टींत स्पष्ट भेद केला जातो. देव कृपेने माणसाला नीतिमान ठरवतो ही एक गोष्ट, आणि त्या कृपेखाली माणसाचे मन, सवयी व व्यवहार आयुष्यभर हळूहळू पालटत जाणे, ज्याला पवित्रीकरण म्हणतात, ही दुसरी. पहिली मिळते, दुसरी घडते, आणि घडण्याला वेळ लागतो. हा भेद लक्षात घेतला म्हणजे चरित्रातील ती एका ओळीची नोंद किती अपुरी आहे हे कळते.

बाप्तिस्म्याच्या आधीचा काळही वाटतो तितका सरळ नसे. बाबा पदमनजी यांचा जन्म 1831 मध्ये बेळगावात झाला आणि बाप्तिस्मा 1854 मध्ये तेथेच झाला. या दोन टोकांच्या मध्ये मिशनच्या शाळेतील शिक्षण, जातिभेद नाकारणाऱ्या मुंबईतील परमहंस सभेशी आलेला संबंध, घरच्या माणसांविषयीची ओढ आणि वारंवार होणारी माघार यांचा मोठा पट आहे, जो त्यांनी 'अरुणोदय' या आत्मचरित्रात मांडला. एका व्याख्यानाने किंवा एका पुस्तकाने त्यांचे मत फिरले नाही. या बाबतीत पदमनजी अपवाद नव्हते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मात्र सविस्तर पाहण्यासारखे आहे, आणि परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकाला ते अधिक जवळचे वाटावे. पती बिपिनबिहारी मेधावी 1882 मध्ये वारल्यानंतर रमाबाई पुण्यास आल्या, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहून त्यांनी प्रवासाचा खर्च उभा केला, आणि 1883 मध्ये लहानगी मुलगी मनोरमा हिला घेऊन त्या इंग्लंडात वाँटेज येथील अँग्लिकन जोगिणींच्या मठात पोहोचल्या. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजे ख्रिस्ती झाल्यावरचे नेहेम्या गोरे, यांच्या लेखनाचा त्यांच्या विचारावर परिणाम झाला होता. परंतु रमाबाईंनी पुढे स्वतः सांगितलेली हकिकत पाहता, त्यांना प्रथम हलवून सोडले ते तत्त्वज्ञानापेक्षा आचरणाने. लंडनच्या फुलॅम भागात समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी जोगिणींनी चालवलेले आश्रयगृह त्यांनी पाहिले, आणि येशू व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची योहानाच्या शुभवर्तमानातील कथा त्यांना तेथे उलगडली. ज्या स्त्रियांना भारतात आणि इंग्लंडातही तिरस्कारच वाट्याला येत होता, त्यांच्याशी दयेने वागण्याचे मूळ कोठे आहे, हा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हापासून घर करून राहिला.

बाप्तिस्म्यानंतर त्या शांत, आज्ञाधारक शिष्या झाल्या असत्या तर त्यांच्या आध्यात्मिक गुरू सिस्टर जेराल्डिन यांचे काम सोपे झाले असते. तसे झाले नाही. 1883 ते 1886 या काळातील या दोघींचा पत्रव्यवहार मराठी ख्रिस्ती श्रद्धेच्या इतिहासातील पहिल्या प्रतीचा दस्तऐवज आहे. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन व्यक्तींत एकच देव असल्याचा सिद्धांत, रमाबाईंना सहजासहजी पटत नव्हता, आणि जे पटत नाही ते पटल्याचे भासवण्यास त्या तयार नव्हत्या. आपण ख्रिस्ताच्या मंडळीच्या सभासद आहोत, परंतु म्हणून धर्मगुरूंच्या मुखातून निघणारा प्रत्येक शब्द मान्य करण्यास बांधील नाही, अशी त्यांची स्पष्ट भूमिका होती. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर भारतातील बिशपांनी मत दिले तेव्हा त्या मताचाही त्यांनी धीटपणे प्रतिकार केला.

दोन लहान गोष्टी येथे मुद्दाम नोंदवाव्यात. पहिली अन्नाची. रमाबाई शाकाहारी राहिल्या, आणि मठातील मंडळींना तो जातीचा अभिमान वाटला. रमाबाईंचे म्हणणे असे, की हिंदुस्थानात येऊन राहणारी इंग्रज स्त्री आपल्या निरुपद्रवी चालीरीती सोडत नाही म्हणून तिला कोणी गर्विष्ठ म्हणत नाही. मग तोच न्याय आपल्याला का नसावा? दुसरी गोष्ट गळ्यात घालावयाच्या क्रुसाची. त्यावरील अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात असावीत, असा त्यांचा आग्रह होता, कारण लॅटिनमध्ये संस्कृताहून अधिक पवित्र असे काही आहे हे त्यांना मान्य नव्हते आणि आपल्या देशबांधवांना न कळणाऱ्या भाषेत आपली श्रद्धा मिरवणे त्यांना पसंत नव्हते. ताटातील पदार्थ आणि क्रुसावरील अक्षरे या क्षुल्लक बाबी नव्हेत. ख्रिस्ताला स्वीकारणे आणि इंग्रजांना स्वीकारणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ज्या काळात इंग्रज मिशनरी आणि पुण्यातील टीकाकार दोघांनाही नीटसे उमगले नव्हते, त्या काळात पंचविशीतल्या एका विधवेने ते परक्या देशात, ज्यांच्या आश्रयाला ती राहत होती त्यांच्याच समोर, ठामपणे सांगितले.

पुढे 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली, ती दुसऱ्या वर्षी पुण्यास नेली, आणि 1891 च्या सुमारास त्यांना जो आंतरिक अनुभव आला त्याविषयी त्यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध केलेल्या साक्षीत लिहिले आहे. त्यात त्यांची कबुली अशी, की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता. हे वाक्य कोणत्याही मिशनरी अहवालाला अडचणीचे आहे, कारण ज्या दिवसाची आकडेवारीत गणना झाली तो दिवस स्वतः त्या व्यक्तीने अपुरा ठरवला. श्रद्धा बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी नव्याने जागी होऊ शकते, हे यातून दिसते. तिचे पर्यवसान पुढे केडगावच्या मुक्ती मिशन या त्यांच्या आश्रमात, 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींच्या संगोपनात, आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सामान्य मराठी स्त्रीला कळेल अशा बायबलच्या भाषांतरात झाले. या भाषांतरासाठी रमाबाईंनी उतारवयात त्या भाषांचा अभ्यास केला, त्याची छपाई आश्रमाच्याच छापखान्यात मुलींच्या हातून होत असे, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले त्याच्या थोडे आधीपर्यंत हे काम चालू होते.

कवी नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या संसारात हीच वाढ दोन भिन्न गतींनी झालेली दिसते. नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. डोंगरावरील प्रवचन, म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूच्या नीतिशिक्षणाचा भाग, वाचून ते भारावले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने तो दिवस संसार मोडल्याचा होता. पुढील पाच वर्षांत त्यांच्या मनात काय काय घडले याचे जे वर्णन त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे ते मराठी वाचकांना साहित्य म्हणून परिचित आहे, परंतु श्रद्धेचा दस्तऐवज म्हणून ते क्वचितच वाचले जाते. काही काळ वेगळे राहून पतीकडे परत आल्यावरही त्या सोवळे पाळत, आपला स्वयंपाक वेगळा करीत. आणि मग जात ही देवाने केली की माणसाने, या प्रश्नावर स्वतःशीच विचार करता करता ती माणसाने केली असे त्यांनी ठरवले व कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या तयार झाल्या. हा निर्णय त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे. त्यांचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला, म्हणजे मनाने जे पाऊल टाकले होते त्यावर विधीची मोहोर नंतर उमटली. पतीच्या आज्ञेने पत्नी ख्रिस्ती झाली, असे जे ढोबळपणे म्हटले जाते ते लक्ष्मीबाईंच्या बाबतीत साफ चुकीचे आहे.

टिळकांची श्रद्धाही बाप्तिस्म्याच्या जागी थांबली नाही. 1904 मध्ये त्यांना धर्मोपदेशक म्हणून दीक्षा मिळाली. परंतु ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या वाटेने आलो असे मानणाऱ्या या कवीला मिशनच्या पगारी चौकटीत गुदमरल्यासारखे होऊ लागले, आणि 1917 मध्ये ती नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा शिष्यसंघ सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एकत्र यावेत अशी कल्पना होती. 1919 मध्ये त्यांचा मृत्यू झाल्याने हा प्रयोग फार वाढला नाही. तरीही मराठी ख्रिस्ती विचारातील हे सर्वांत धाडसी पाऊल म्हटले पाहिजे, कारण ज्या विधीसाठी टिळकांनी घर, जात आणि काही काळ पत्नीही गमावली, त्याच विधीला त्यांनी शिष्यत्वाची अट मानण्याचे अखेरीस सोडून दिले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. हे सर्व लोक शिकलेले, बहुतेक उच्चवर्णीय आणि लिहिते होते. नगर जिल्ह्यातील खेड्यांत जी महार व मांग कुटुंबे गटागटाने ख्रिस्ती झाली त्यांच्यामागे शाळा, दवाखाना, दुष्काळातील मदत आणि परकीय सत्तेची छाया होती, असे सांगितले जाते. मिशनच्या हाती साधने होती हे खरे आहे. शारदा सदनात मुलींच्या धर्माला धक्का लागणार नाही अशा आश्वासनावर विसंबलेल्या रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी 1893 मध्ये अंग काढून घेतले, तेव्हा मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते या पालकांच्या तक्रारीत काहीच तथ्य नव्हते असेही म्हणता येत नाही. परंतु ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नाही, त्याने माणुसकीची वागणूक मिळेल म्हणून देवळाऐवजी चर्चची पायरी चढली, तर त्याची श्रद्धा अशुद्ध ठरते आणि ग्रंथ वाचून आलेल्या शास्त्र्याची शुद्ध ठरते, हा निकष न्यायाचा नाही. सन्मानाची भूक हीदेखील देवाकडे जाणारी वाट असू शकते. खेड्यांतील या कुटुंबांची श्रद्धा नंतर वाढली ती कीर्तनांतून, भजनांतून आणि टिळकांच्या पदांतून, पिढ्यान्‌पिढ्या. आणि ती वाढत असताना जातीने चर्चच्या आतही त्यांचा पिच्छा सोडला नाही, तर 1950 च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलतींतून ख्रिस्ती दलितांना बाहेर ठेवले. लाभासाठी धर्म बदलला असे ज्यांच्याविषयी म्हटले जाते त्यांच्या पदरात पडलेला हिशेब असा आहे.

परदेशातील महाराष्ट्र मंडळांपुढे यातून एक प्रत्यक्ष काम उभे राहते. गणेशोत्सव, दिवाळी आणि संक्रांत ही मंडळांची ओळख आहे व ती तशीच राहावी. पण मंडळाच्या शहरात राहणारी आणि घरी मराठीत प्रार्थना करणारी वसई, नगर, पुणे वा केडगावकडील ख्रिस्ती कुटुंबे कार्यक्रमांच्या यादीत आणि अंकाच्या पानांत कोठेच नसणे हे मराठीपणाची व्याख्या उगाच आखूड करणारे आहे. मंडळाच्या ग्रंथालयात 'स्मृतिचित्रे' असतेच. त्याच्या शेजारी 'अरुणोदय' आणि रमाबाईंचा पत्रव्यवहार यावा. आणि येत्या नाताळात 'उपासना संगीत' या संग्रहातील टिळकांची पदे म्हणण्यासाठी त्या कुटुंबांना मंडळाने सन्मानाने बोलवावे.